काथ्याचा बायोफिल्टर: १४ महिन्यांनंतर

धुळ्याजवळ मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या कारखान्यात मी ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा विभाग, बघतो. स्टार्चसाठी मका गंधकाचा वायू मिसळलेल्या कोमट पाण्यात दीड-दोन दिवस भिजवतात. तो गंधक शेवटी सांडपाण्यात उतरतो आणि हवा न मिळणाऱ्या टाकीत जिवाणू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. सडक्या अंड्यांचा वास येतो तो याचाच. हिवाळ्यात पहाटे वारा पडला की हा वास गावावर बसून राहायचा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झोक्याजवळ नाकाला पदर लावून उभ्या असलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यात माझी चुलत बहीणही होती. काम करून घरी जायची लाज वाटायची.

आधी सुगंधी फवारे लावले. दुर्गंधी होती तिथेच राहिली, वर मोगऱ्याचा वास आला. त्यात पैसे घालू नका.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बायोफिल्टर, म्हणजे जिवाणूंकरवी हवेतला वास काढणारा थर, बसवला. इक्वलायझेशन टाकी (सगळं सांडपाणी आधी जिथे एकत्र होतं ती) एफआरपीच्या, म्हणजे फायबरच्या, पत्र्यांनी झाकली, ब्लोअरने तासाला ३,००० घनमीटर हवा ओढून ती ५० चौरस मीटरच्या, एक मीटर जाडीच्या थरात खालून सोडली. थर नारळाचा काथ्या, लाकडाचे तुकडे आणि कंपोस्टचा. हवेला थरात साधारण एक मिनिट मिळतं, तेवढ्यात जिवाणू वास खातात. महिन्याभरात जम बसला आणि आम्ही निर्धास्त झालो.

ऐन आखाजीत वास परत आला, पहिल्यासारखाच. पारा ४४ वर होता. वरचे स्प्रिंकलर दिवसातून चार वेळा चालू होते आणि थर वरून ओलाच दिसत होता. शेवटी फावडं घेऊन खणलं. वीतभर खाली काथ्या सुतळीसारखा कोरडा ठणठणीत, आणि बोट जाईल एवढ्या भेगा. हवा त्या भेगांतून सरळ वर जात होती. कोरडी हवा खालून शिरते, म्हणून थर खालून वाळतो. वरून कितीही पाणी मारा, तिथपर्यंत पोचत नाही. पुरवठादाराने ह्युमिडिफायर (हवा आधी ओली करणारं यंत्र) लागणार नाही असं सांगितलं होतं, फोन केला तर म्हणे पाणी वाढवा. खानदेशात हा सल्ला चालणार नाही. आम्ही जुन्या टाकीत पीव्हीसीच्या रिंगा भरून, वरून पाणी सोडून हवा आधी ओली करायला लागलो. थर उकरून पुन्हा भिजवला, तरी जिवाणू सावरायला तीन आठवडे गेले. आता दर सोमवारी खालच्या झडपेतून मूठभर काथ्या काढून दाबतो: तळवा ओला व्हावा, पण थेंब गळू नये.

दुसरी अडचण दिवाळीत कळली. खालून निथळणाऱ्या पाण्याचा पीएच (जितका कमी तितकं आम्ल जास्त) सातवरून तीनवर आला होता. जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचं गंधकाम्ल करतात, ते थरात साचतं आणि त्यांनाच मारतं. थर पाण्याने धुतला, चुनखडीची खडी मिसळली. मग थराच्या आधी छोटा कॉस्टिकचा स्क्रबर (कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने हवा धुणारं यंत्र) लावला, त्यातल्या पाण्याचा पीएच १० वर ठेवतो. थरात शिरणारा हायड्रोजन सल्फाइड ४० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ४० भाग) आठवर आला आणि बाहेर मीटर एकच्या खाली दाखवतं. कॉस्टिक मात्र अंदाजापेक्षा जास्त लागतं, कारण ते कार्बन डायऑक्साइडही शोषतं. हा खर्च आधीच धरा.

आमच्या पाळीतल्या ऑपरेटरचं चांदीचं कडं आठवड्यात काळं पडायचं. आता दोन महिने झाले तरी चकाकतं. मीटरइतकाच माझा त्यावर विश्वास आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. टाकी झाकली की झाकणाखाली वायू साठतो. १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं वायू गेला. मीटरशिवाय झाकण उचलू देऊ नका, आत उतरणं तर दूरच.

यंदा आखाजीच्या दुसऱ्या दिवशी दूध घालणाऱ्या मावशी गेटवर थांबून म्हणाल्या, “भाऊ, यंदा वास नही उना (आला नाही).” पुन्हा बसवायचा झाला तर हाच बसवीन, पण ह्युमिडिफायर आणि स्क्रबर पहिल्या दिवसापासून.

ग्लुटेन ड्रायरच्या (मक्यातलं प्रथिन वाळवणाऱ्या यंत्राच्या) हवेचा प्रश्न अजून तसाच आहे. ती इतकी गरम असते की थरात सोडली तर जिवाणू मरतील. थर साधारण ४० अंशांच्या वर गेला की ते टिकत नाहीत. ती आधी पाण्याने थंड करावी लागेल. त्या टॉवरसाठी जागा मोजून ठेवली आहे, काम पावसाळ्यानंतर.