मालवणात जेवलो, एक इंग्रजी शब्द फुकट मिळाला

मालवण बंदराजवळच्या एका घरगुती खानावळीत गेलेलो, नाव नाही सांगत कारण तक्रार पण आहे. मेन्यूकार्डावर मोठ्या अक्षरात 'फॉर एस्युरिअंट गेस्ट्स', मला वाटलं मालकांचं आडनाव बिडनाव असेल, तर त्यांचा कॉलेजातला मुलगा बोलला अहो काका, भुकेले असा अर्थ आहे. लॅटिनमध्ये एडेरे म्हणजे खाणं, त्यावरून एसुरिरे म्हणजे खावंसं वाटणं, भूक लागणं, त्यातून हा शब्द आला, एडिबल त्याच घरातला आणि ओबीस सुद्धा (इथे बायकोने माझ्या पोटाकडे बघितलं). भारी म्हणजे आपलं अन्न ज्या अद् धातूवरून आलंय तो पण ह्या एडेरेचा लांबचा भाऊबंद!

एवढं सगळं ऐकून झालं तरी ताट काय येईना, पाऊण तास, त्यामुळे शब्द मात्र पक्का पाठ झाला. सुरमई आली ती एकदम गरम, रवा कडेला कुरकुरीत, आत रसरशीत, बांगड्याचं तिखलं पण झकास, सोलकढीची दुसरी वाटी न मागता आली. भात गार होता. रविवारी दुपारी जाऊ नका.