फ्रीकॅड 1.0: पहिल्या डिझाइन नोकरीच्या तयारीला कितपत पुरतं?

मेकॅनिकलची पदवी मिळाली की कॉलेजचं कॅड (संगणकावर डिझाइन करायच्या सॉफ्टवेअरचं) लायसन्स बंद होतं, आणि मुलाखतीत तर स्वतः केलेलं काम दाखवायला सांगतात. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेलं फ्रीकॅड 1.0 हे कॅड सॉफ्टवेअर मोफत आहे, मुदतीची भानगड नाही. पण जाहिरातीत नावं असतात सॉलिडवर्क्स, कॅटिया, एनएक्स, क्रिओ यांची. त्यामुळे बायोडाटाच्या पहिल्या चाळणीत याचा फारसा उपयोग नाही. उपयोग होतो तो पुढे, ड्रॉइंग समोर ठेवल्यावर.

म्हणून खरा वेळ टेकड्रॉ वर्कबेंचवर, म्हणजे फ्रीकॅडच्या ड्रॉइंग काढायच्या विभागात घालवा. चकचकीत रेंडर करण्यापेक्षा 6205 बेअरिंगचा साधा शाफ्ट नीट काढा: 25 मिमी व्यासाला के6 फिट (मापात किती फरक चालेल त्याची ठरलेली मर्यादा), म्हणजे +0.015 आणि +0.002 मिमी, हाउसिंगच्या 52 मिमी बोअरला एच7, म्हणजे +0.030 आणि 0. हे आकडे डायमेन्शनच्या ओव्हर-टॉलरन्स, अंडर-टॉलरन्स या रकान्यांत भरता येतात. शाफ्टच्या खांद्याचा फिलेट (कोपऱ्याची गोलाई) 1 मिमीपेक्षा मोठा ठेवला तर बेअरिंग खांद्याला टेकतच नाही, आणि मुलाखतीत नेमकं हेच विचारलं जाऊ शकतं. प्रोजेक्शन (ड्रॉइंगवर वेगवेगळ्या बाजू मांडायची पद्धत) फर्स्ट अँगल की थर्ड, हे सेटिंगमध्ये आधी तपासा. भौमितिक टॉलरन्सच्या (आकार आणि जागेत किती फरक चालेल ते सांगणाऱ्या) चौकटी मात्र इथे महागड्या पॅकेजइतक्या सहज होत नाहीत.

मॉडेलमधलं एखादं माप बदललं की पुढची फीचर्स मोडायची, ही जुनी डोकेदुखी 1.0 मध्ये बरीच कमी झाली, संपली नाही. स्केच मॉडेलच्या पृष्ठभागावर न लावता मूळ प्लेन किंवा डेटम प्लेनवर (आपण ठरवलेल्या संदर्भ-प्रतलावर) लावा, फिलेट सगळ्यात शेवटी. सगळी मापं आणि बंधनं देऊन पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. फिलेट शेजारची कड पूर्ण गिळत असेल तर एरर येते. तिथे 5 ऐवजी 4.99 टाकून पाहा. जुगाडच आहे, पण बहुतेकदा चालतो.

असेम्ब्ली, म्हणजे सुटे भाग जोडायची सोय, आता फ्रीकॅडच्या आतच आहे. छोट्या जोडणीला पुरे. एफईएममध्ये (भागावरचा ताण मोजायच्या विभागात) कॅलक्युलिक्स हा गणित सोडवणारा प्रोग्राम मिळतो, पण तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यावर मेश (मॉडेलचे हिशेबासाठी पाडलेले तुकडे) बारीक करत गेलात तर स्ट्रेस वाढतच जातो. म्हणून तो आकडा खरा धरून रिपोर्टमध्ये लिहून देऊ नका.

काम पाठवताना पीडीएफ आणि स्टेप फाइल (बहुतेक कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं 3डी मॉडेल) द्या. फ्रीकॅडची मूळ फाइल समोरच्याकडे बहुधा उघडणार नाही.