हालचालीतून सजगता: सूचनांमधली शांतता गेल्यानंतरचा अभिप्राय

वर्षाचे सदस्यत्व संपत आले की सविस्तर लिहावे असा माझा विचार होता. परंतु हालचाल करताना शरीराकडे आणि श्वासाकडे सजगपणे लक्ष द्यायला शिकवणाऱ्या या ॲपने गेल्या अपडेटमध्ये चालण्याची जुनी ध्वनिसत्रे न कळवता काढून घेतली आणि त्यांच्या जागी पार्श्वसंगीताची, अखंड बोलणारी नवी सत्रे आणून ठेवली, त्यामुळे आता थांबण्यात अर्थ उरलेला नाही. आधी आठ आठवड्यांचा पायाभूत अभ्यास आणि मग चालणे, ताणाचे व्यायाम, वजने व धावणे असे विभाग, ही रचना वापरणाऱ्यांना ठाऊकच आहे, म्हणून तिच्या वर्णनात मी शिरत नाही. माझा मुद्दा एकच आहे, आणि तो कोणाला क्षुल्लक वाटला तरी माझ्या मते सगळी मदार त्याच्यावरच आहे: सत्रातला आवाज देत असलेल्या दोन सूचनांच्या मध्ये किती वेळ शांतता ठेवली जाते.

जुन्या सत्रात सुरुवातीला आवाज पावलोपावली सोबत करी. आधी नुसते ‘डावे, उजवे’, मग पाऊल उचलणे, पुढे नेणे आणि टेकवणे अशी तीन टप्प्यांची नोंद. ब्रह्मदेशातील बौद्ध भिक्खू महासी सयाडो यांच्या विपश्यना परंपरेत चालण्याचे ध्यान याच क्रमाने शिकवले जाते. त्यानंतर आवाज थांबे आणि बराच वेळ परत येत नसे. त्या मोकळ्या वेळात मन हमखास भरकटे, कधी राहिलेल्या कामांत, कधी जुन्या भांडणात, आणि काही पावलांनंतर आपले आपल्यालाच लक्षात येई की मधल्या काळात टाच कधी टेकली याचा पत्ताच नव्हता. हे आपले आपल्याला लक्षात येणे हीच या व्यायामातली खरी मेहनत आहे. वजन उचलताना शेजारच्याने दांडा वर ओढून दिला तर मोजणी पुढे सरकते, पण स्नायूला काहीच मिळत नाही. नव्या सत्रातला आवाज तसेच करतो. मन निसटण्याआधीच तो ‘पुन्हा पावलांकडे या’ म्हणून हजर होतो, आणि जे काम माझे होते ते परस्पर उरकून टाकतो.

त्याहून वाईट गोष्ट श्वासाची. बसून केलेल्या ध्यानात ‘आता श्वास आत घ्या’ ही सूचना एखाद्या वेळी खपून जाते, कारण श्वास संथ असतो आणि थोडे जुळवून घेता येते. चालताना श्वासाची लय वेगावर, चढावर आणि अंगावरच्या ओझ्यावर ठरते. आगाऊ मुद्रित केलेल्या आवाजाला त्यातले काहीही कळू शकत नाही. मी चढावर श्वास सोडत असते आणि कानात मला तो घ्यायला सांगितले जाते. आज्ञा पाळावी तर श्वास मोडतो आणि छातीत उगाच ओढ बसते. पाळू नये तर पुढची दहा-वीस पावले त्या आवाजाशी मनातल्या मनात वाद घालण्यात जातात. ‘श्वास आता जसा चालू आहे तसा पाहा’ एवढे वाक्य पुरले असते, आणि जुन्या सत्रात नेमके तेच वाक्य होते.

ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार मी थोडक्यात सांगते. पहिल्या उत्तरात माझ्या ‘सजगतेच्या प्रवासाबद्दल’ अभिनंदन होते, दुसऱ्यात ॲप काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला होता, आणि तिसऱ्यात अखेर कारण समजले: लांब शांततेमुळे ध्वनी बंद पडला आहे असे अनेकांना वाटत होते व ते सत्र मध्येच सोडून देत होते. कारण खरे असेल, मला त्यावर अविश्वास दाखवायचा नाही. पण ‘आता काही वेळ मी बोलणार नाही’ असे एक वाक्य आधी घातले असते तर तक्रार मिटली असती. त्यासाठी संगीत भरून शांतताच नाहीशी करायची गरज नव्हती. संगीत बंद करण्याची सोय आहे, बोलणे कमी करण्याची नाही. जुनी सत्रे परत देण्याच्या मागणीवर चौथे उत्तर अद्याप आलेले नाही.

मात्र आवाज जितका कमी तितके चांगले, असे सरसकट विधान मी करणार नाही. पायाभूत अभ्यास स्पष्टच जॉन कबाट-झिन यांच्या कार्यक्रमाच्या वळणावर बेतलेला आहे. त्यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ताण कमी करण्यासाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात पडून शरीरभर लक्ष फिरवणे, बसून केलेले ध्यान, सौम्य हठयोग आणि चालणे हे सारे होतेच. त्या पहिल्या आठवड्यांत या ॲपचा आवाज दाट आहे आणि तो तसाच असायला हवा, कारण अंगठ्यापासून घोट्यापर्यंत लक्ष न्यायचे म्हणजे नेमके काय करायचे हेच तेव्हा ठाऊक नसते. दोष इतकाच की पहिल्या आठवड्यातला नवखा आणि कित्येक महिने चालणारा जुना वापरकर्ता यांना आता एकाच मापाचा आवाज मिळतो.

आणखी एका बाबतीत माझे मत बदलले आहे. पावले मोजण्याच्या सत्राला मी पूर्वी यांत्रिक म्हणून नावे ठेवली होती. पण झपाझप चालताना, मिनिटाला १०० हून अधिक पावले पडू लागली की उचलणे, नेणे, टेकवणे अशी तिहेरी नोंद करायला वेळच उरत नाही. नोंद मागे पडते आणि पाय पुढे जातात. अशा वेगात श्वास आत जाताना किती पावले पडली आणि बाहेर येताना किती, एवढेच मोजणे झेपते. चढ लागला की आकडे आपोआप घटतात आणि त्यातून चढ जाणवतो. म्हणून संथ चालीला तिहेरी नोंद आणि जलद चालीला मोजणी, अशी वाटणी मी केली आहे.

वजनांचा विभाग मात्र मी कोणालाही सुचवणार नाही. ‘मांडीचा स्नायू कसा ताणला जातो ते अनुभवा’ असे तो स्क्वॉटच्या (वजन घेऊन खाली बसून उठण्याच्या) ऐन मध्यावर सांगतो. शरीराच्या आतल्या हालचालीकडे लक्ष वळवले की सरावाची हालचाल अडखळते, हे क्रीडाविज्ञानात चांगले अभ्यासले गेले आहे: गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सरावयंत्रावर केलेल्या प्रयोगात, स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायांखालच्या चाकांकडे लक्ष देणारे सरस ठरले होते. माझा अनुभव त्याला धरूनच आहे. हलक्या वजनात आत पाहिले म्हणून मला कळले की मी सगळा भार उजव्या पायावर टाकते आणि खाली जाताना श्वास रोखून धरते. तेच जड वजनात करू गेले की गुडघे डगमगतात, आणि ‘जमीन खाली ढकला’ एवढी बाहेरची सूचना दिली की पुन्हा स्थिर होतात. त्यामुळे अंग गरम करताना आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत लक्ष आत, प्रत्यक्ष वजन उचलताना लक्ष बाहेर, असा नियम मी स्वतःपुरता ठरवला आहे. हा साधा भेद ज्या विभागाला माहीत नाही, त्याला सजगतेचे नाव देऊन पैसे घेणे मला खटकते.

याउलट धावण्याचा विभाग, ज्याच्याकडून मी काहीच अपेक्षा ठेवली नव्हती, तो सर्वांत चांगला निघाला. विल्यम मॉर्गन आणि मायकेल पोलॉक यांनी १९७७ मध्ये लांब पल्ल्याच्या अव्वल धावपटूंचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की ते धावताना मन दुसरीकडे रमवत नाहीत, तर श्वास, पाय आणि थकवा यांचा अंदाज घेत वेग ठरवतात. हा विभाग तेवढेच करायला लावतो. अधूनमधून आवाज फक्त विचारतो की आत्ताचे श्रम किती. उत्तर गुन्नार बोर्ग यांच्या, श्रम किती जाणवतात ते सांगणाऱ्या ६ ते २० च्या मापावर मनातच द्यायचे, आणि मग पुन्हा शांतता. ॲप बनवणारे हेच लोक चालण्याच्या सत्रात इतके का बोलतात, हे मला उमगलेले नाही. (मनगटी घड्याळ जोडून नाडीवरून ‘शांततेचे गुण’ मिळवण्याची सोय मी बंद ठेवली आहे, मनगटावरचा प्रकाशावर चालणारा सेन्सर धावताना कधी कधी नाडीऐवजी पावलांची लयच नाडी म्हणून मोजतो, मग त्यातून काढलेल्या गुणांवर किती विसंबावे?)

फायद्याबद्दल लिहिताना हात आखडता घेणेच बरे. जिने चढताना मी दात आवळते हे आता दिसते आणि दिसले की जबडा सैल होतो. कंबर दुखू लागण्याआधीची ओढ ओळखू येते आणि मी वेळीच थांबते. ताण कमी झाला आहे, पण त्यात लक्ष देण्याचा वाटा किती आणि नियमित चालण्याचा किती, हे मला वेगळे करता येत नाही. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये २०१४ साली आलेल्या आढाव्यातही ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता, नैराश्य आणि वेदना यांत अल्प ते मध्यम सुधारणा दिसली असली, तरी औषधे किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ते सरस असल्याचा पुरावा मिळाला नव्हता. चालणे फुकट असते, ही गोष्ट सदस्यत्व घेणाऱ्याने लक्षात ठेवावी. ज्यांना श्वासाकडे किंवा हृदयाच्या ठोक्यांकडे लक्ष दिल्याने उलट घाबरल्यासारखे होते, त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपायांवर लक्ष द्यावे. ॲपने हे कुठेही सांगितलेले नाही आणि ते सांगायला हवे होते.

सध्या मी चालण्यासाठी फोनच्या साध्या टायमरवर दोन घंटा लावते, एक आरंभाची आणि एक शेवटाची. लांबच लांब जाण्याऐवजी सरळ, छोट्या टप्प्यावर ये-जा करते, कारण टोकाला थांबणे, उभे राहणे आणि वळणे या तीन क्षणांत मन सर्वाधिक निसटते आणि म्हणून तिथेच सर्वाधिक हाती लागते. ॲपच्या कोणत्याही सत्रात वळण हा प्रकारच नाही. धावण्याचा विभाग मुदत संपेपर्यंत वापरणार आहे, नूतनीकरण करणार नाही. तसा विचार असलेल्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ॲप फोनमधून काढून टाकल्याने सदस्यत्व रद्द होत नाही. ते ॲप स्टोअरमधील सदस्यत्वांच्या पानावर जाऊन, पुढचे शुल्क कापले जाण्याआधी स्वतः रद्द करावे लागते. पाचपैकी दोन तारे. जुनी चालण्याची सत्रे परत आली तर चार.