पत्र्याची होडी, खारं पाणी आणि फ्लूक: चार मोसमांनंतर

बाबा पहिल्यांदा इथे आले तेव्हा ड्राइव्हवेमध्ये ट्रेलरवर चढवलेली माझी होडी त्यांनी बोटाच्या पेरांनी ठोकून बघितली. ठण्ण आवाज आला. मग म्हणाले, "अरे मेल्या, ह्यो पत्र्याचो डबो घेवन तू दर्यात जातलंस?" देवगडजवळच्या आमच्या गावात त्यांनी आधी लाकडाची आणि मग फायबरची होडी चालवली. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे त्यांच्या लेखी भाताचा टोप.

न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींपैकी तीन-चार जणांनी गेल्या वर्षभरात हाच प्रश्न जरा सभ्य शब्दांत विचारला. पत्र्याची होडी खाऱ्या पाण्यात टिकते का आणि तिच्यावरून ड्रिफ्ट फिशिंग, म्हणजे होडी वाहती सोडून मासेमारी, जमते का? म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. कंपनीचं नाव देत नाही. तक्रारी बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या माझ्या आणि आधीच्या मालकाच्या चुकांच्या आहेत.

होडी साडेसोळा फुटी, रिव्हेट मारलेली, मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. २०२२च्या वसंतात पेनसिल्व्हेनियातल्या एकाकडून जुनी घेतली, ट्रेलरसकट साडेनऊ हजार डॉलर. तिचं आधीचं सगळं आयुष्य तळ्यात गेलेलं. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी जातो तो रॅरिटन बे. एका बाजूला स्टेटन आयलंड, दुसऱ्या बाजूला आमचा मॉनमथ काउंटीचा किनारा, पूर्वेला सँडी हुकची जिभेसारखी पट्टी आणि तिच्यावर १७६४ सालचं, अजून चालू असलेलं दीपगृह. उन्हाळ्यात इथे सगळे फ्लूकच्या मागे असतात. फ्लूक म्हणजे आपल्या लेपीचा थोरला भाऊ: चपटा, दोन्ही डोळे डाव्या अंगाला, वाळूत अंग पुरून सावजाची वाट बघत पडून राहणारा. तो तुमच्याकडे येत नाही, तुम्हाला त्याच्यावरून जावं लागतं. म्हणून नांगर टाकायचा नाही. इंजिन बंद करायचं, होडी वाऱ्या-पाण्यावर सोडायची आणि शिसाचा जिग (वजनदार गळ) तळाला टेकवत, हलकेच उचलत जायचं. याला इथे ड्रिफ्ट म्हणतात. जिगच्या वर स्क्विडची पट्टी लावलेली दुसरी गरी असली की उत्तम. मधूनमधून सी रॉबिन लागतो, पंख पसरून टर्र टर्र करतो आणि पोरं खूश होतात. मुशीही लागते आणि पाकटासारखं स्केटही. २०२५च्या मोसमात आमच्याकडे फ्लूक १८ इंचांचा असेल तरच ठेवता येत होता, त्यामुळे दिवसभरात पंधरा पकडून दोनच घरी येणं हे नेहमीचंच.

ड्रिफ्टचा सगळा खेळ वेगाचा आहे. माझ्या अनुभवात पाऊण ते सव्वा नॉट या वेगाला फ्लूक खातो. त्याहून हळू गेलं तर जिग एकाच जागी पडून राहतो. त्याहून जोरात गेलं तर तो तळ सोडून पतंगासारखा वर येतो आणि तुम्ही शिसं वाढवत बसता. पत्र्याच्या होडीची पहिली अडचण इथेच येते, आणि ती गंजाची नाही.

होडी हलकी आहे. नुसता सांगाडा साडेतीनशे-चारशे किलोच्या आसपास. ती पाण्यात कमी बसते आणि पाण्यावर जास्त उभी राहते. भरती-ओहोटीच्या ओढीवर निवांत वाहत जाण्याऐवजी वारा तिला ढकलत नेतो. शेजारची त्याच लांबीची फायबरची बोट एक नॉटने जात असते, तिथे माझी दोन-सव्वादोनने पळते. वारा आणि पाणी एकाच दिशेला असतील तर निदान पळताना दिशा तरी बरी असते. वारा पाण्याच्या विरुद्ध आला की मजा बघा. होडी वाऱ्याबरोबर जाते, दोरी पाण्याबरोबर होडीखाली शिरते, आणि चार माणसांच्या चार दोऱ्यांची वेणी होते. पहिल्या मोसमात मी याला माझं अज्ञान समजत होतो. बाबांनी दहा मिनिटांत निदान केलं: "वारो होडयेक घेवन जाता, पाणी नाय."

उपाय स्वस्त आहे. ड्रिफ्ट सॉक, म्हणजे पाण्यात उघडणारी कापडी पिशवी, छोट्या पॅराशूटसारखी. वाऱ्याच्या बाजूने सोडली की ती पाण्याला धरून ठेवते आणि होडीला लगाम बसतो. माझ्या जीपीएसवर बारा नॉटच्या वाऱ्यात सव्वादोनचा वेग एकावर आला, आणि त्या दिवसापासून माझे फ्लूक वाढले. पत्र्याच्या होडीवर ड्रिफ्ट करायचं असेल तर फिशफाइंडरच्या (पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या) आधी सॉक घ्या. माझा चाळीसेक डॉलरचा आहे, फिशफाइंडर सहाशेचा. कुणी मला एकच ठेवायला सांगितलं तर मी कोणता ठेवीन हे वेगळं सांगायला नको.

पण सॉक कुठे बांधता ते बघा. मी उत्साहात होडीच्या मधोमध काठावरच्या क्लीटला, म्हणजे दोरी बांधायच्या खुंटीला, बांधला. तो क्लीट पातळ पत्र्यावर चार रिव्हेटनी बसवलेला होता, खाली आधाराला काही नव्हतं. भरलेल्या सॉकची ओढ आणि लाटेचे झटके बसून दोन तासांत क्लीट डुलायला लागला. आता खाली हातभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टाकून बोल्ट मारलेत. तळ्यात क्लीटला फक्त धक्क्याला बांधायचं काम असतं, खाऱ्या पाण्यात त्याला मजुरी करावी लागते.

रिव्हेटचं दुखणं एवढ्यावर संपत नाही. दुसऱ्या मोसमाच्या शेवटी तळातला पंप स्वतःहून चालू व्हायला लागला. दर अर्ध्या तासाने घर्रर्र. समुद्रात बसून तो आवाज ऐकणं फार वाईट. गळती शोधायची युक्ती शेजारच्या म्हाताऱ्याने सांगितली. त्याच्याकडे ग्रुमनची जुनी अ‍ॅल्युमिनियमची कनू आहे. ग्रुमन म्हणजे लाँग आयलंडची लढाऊ विमानं बनवणारी कंपनी, चंद्रावर उतरलेलं यानही त्यांचंच. दुसरं महायुद्ध संपताना त्यांनी विमानाच्या पत्र्याची आणि रिव्हेटची विद्या होड्यांकडे वळवली. तर युक्ती अशी: होडी ट्रेलरवरच ठेवायची, आत बागेच्या नळीने चार बोटं पाणी भरायचं (जास्त नको, पाण्याच्या वजनाने ट्रेलर बसेल) आणि खाली आडवं होऊन जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करायची. एकवीस खुणा झाल्या. मग आतून एकाने जड लोखंडाचा ठोकळा दाबून धरायचा आणि बाहेरून दुसऱ्याने हातोडी मारायची. सतरा रिव्हेट त्याने बसले, चार बदलावे लागले. वेल्ड केलेल्या होडीत हे सोपस्कार नाहीत, पण तिची किंमत विचारल्यावर मला रिव्हेट आवडायला लागले.

आता गंजाकडे येऊ, कारण विचारणाऱ्यांना खरं तर तेवढंच ऐकायचं असतं.

नुसत्या मिठाला अ‍ॅल्युमिनियम घाबरत नाही. होड्यांना वापरतात ते ५०५२सारखे मिश्रधातू मॅग्नेशियम घातलेले असतात, वर ऑक्साइडचा पापुद्रा आपोआप धरतो आणि तोच त्यांचं कवच होतो. घात करतात ते शेजारी. खाऱ्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियमला तांबं, पितळ किंवा स्टेनलेस चिकटलं की दोघांची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून इंजिनावर बळीचा बकरा म्हणून धातूचा तुकडा, म्हणजे अ‍ॅनोड लावतात. आधी तो झिजतो, होडी वाचते. माझी होडी तळ्यातली होती, तिला मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड होते. गोड्या पाण्यात ते बरोबर. खाऱ्या पाण्यात जुलै संपायच्या आत त्यांचा चघळलेल्या उसासारखा चोथा झाला. आता अ‍ॅल्युमिनियमचेच अ‍ॅनोड लावतो, झिंकचेही चालतात. जुनी होडी घेताना हे बघायला पाच मिनिटं लागतात. मी ती पाच मिनिटं बिअरची बाटली घेऊन मालकाशी माशांच्या गप्पा मारण्यात घालवली.

त्याच मालकाने इंजिन टांगतात त्या मागच्या भिंतीतलं सडलेलं प्लायवूड स्वतः बदललं होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता. वापरलं होतं अंगणातल्या डेकचं ट्रीटेड लाकूड. त्याला वाळवी-बुरशी लागू नये म्हणून तांब्याची द्रव्यं मुरवलेली असतात. ओलं मीठ, तांबं आणि पत्रा एकत्र. दुसऱ्या हिवाळ्यात उघडून बघितलं तर मागे पांढरी भुकटी आणि तांदळाच्या दाण्याएवढे खड्डे. साधं मरीन प्लाय घालून, इपॉक्सी चोपडून परत बसवलं. चार शनिवार गेले.

आणि हा अपराध मात्र घरचा. नारळी पौर्णिमेला बाबांनी बेमध्ये नारळ सोडला आणि घरून आणलेला पितळेचा छोटा गणपती स्टिअरिंगपुढच्या पत्र्यावर दोन स्टीलच्या स्क्रूंनी बसवला. छान दिसत होता. ऑक्टोबरमध्ये होडी झाकताना बघतो तर देवाभोवती रंगाला फोड आलेले आणि पांढरं रिंगण, जणू कुणी रांगोळी काढली आहे. देव काढायचा तर बाबांना काय सांगू, आणि ठेवायचा तर होडी जाते. शेवटी बायकोचं भाजी चिरायचं प्लास्टिकचं बोर्ड कापून त्याचं आसन केलं, स्क्रूंना नायलॉनचे वॉशर घातले. आता देव आणि पत्रा दोघंही सुखात आहेत. बायको नाही. होडीत तांब्याची नाणी, पितळेच्या कड्या, शिसाचे सुटे तुकडे तळाशी पडू देऊ नका. आत कार्पेट लावलेलं असेल तर उपटून टाका, ते खारं पाणी धरून बसतं.

मी दर फेरीनंतर होडी गोड्या पाण्याने धुतो आणि इंजिनातून पाणी फिरवतो, वीस मिनिटांचं काम. मरिनात कायम पाण्यात ठेवणाऱ्यांचं गणित वेगळं: तळाला तांब्याचा रंग अजिबात नको आणि शेजारच्या बोटींच्या विजेचाही त्रास. मी त्या वाटेला गेलो नाही.

समुद्रातली चाल? सकाळी, मतलई वारा पडलेला असताना, मखमल. दुपारी एकनंतर दक्षिणेकडून खारा वारा सुटतो आणि बेमध्ये आखूड, उभ्या लाटा उठतात. माझ्या होडीचा तळ मागे बराच सपाट आहे, ती लाट कापत नाही, तिच्यावर आपटते. रोमर शोल या उथळ पट्ट्याहून लिओनार्डोच्या रॅम्पला (होडी उतरवायच्या उताराला) परतताना तो वारा थेट तोंडावर. जुन्या घाटरस्त्यावर एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून बघा, तसं. आवाजही तसाच. बाबांच्या हातून जिग तळावर पडला की अख्खी होडी घंटेसारखी वाजते, आणि ते माझ्याकडे असं बघतात की जणू मासे माझ्यामुळे पळाले. रबराच्या चटया टाकल्यावर निम्मा फरक पडला. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी असलेला ४४०६५ नंबरचा बॉय (वारा-लाटा मोजणारा तरंगता ठोकळा) मी सकाळी फोनवर बघतो, आणि दुपारचा अंदाज पंधरा नॉटच्या वर असेल तर बाराला गाशा गुंडाळतो. हुकच्या बाहेर मोकळ्या समुद्रात मी ही होडी नेत नाही. शांत दिवशी नेणारे आहेत, पण त्यांच्या शेजारी माझे बाबा बसलेले नसतात.

लिओनार्डोजवळ ड्रिफ्ट करणार असाल तर एक सूचना. तिथे नौदलाचा जवळपास तीन मैल लांबीचा दारूगोळ्याचा धक्का आहे आणि त्याच्याभोवती बंदी आहे. हलकी होडी वाऱ्याने तिकडे किती पटकन सरकते हे एकदा अनुभवलं. तेव्हापासून त्या बाजूला वारा असेल तर इंजिनाची किल्ली आणि कट-ऑफची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी हातातच असते.

एवढं सगळं असून मी ही होडी का विकत नाही? कारण ती मी एकटा पाण्यात उतरवतो. इंजिन-ट्रेलरसकट वजन आमच्या सिएना मिनीव्हॅनला जड जात नाही, त्यासाठी ट्रक घ्यावा लागला नाही. रॅम्पवर लोक दोघे-तिघे मिळून मोठ्या बोटींशी झगडत असतात, तोवर मी पहिली ड्रिफ्ट संपवलेली असते. ओहोटीला उथळावर टेकली तर खाली उतरून ढकलता येते. रॅम्पच्या दगडाला घासली तर ओरखडा पडतो, फायबरसारखा टवका उडत नाही. दिवसभराचं पेट्रोल चार-पाच गॅलन. दोन माणसं आणि एक पोर, बारा नॉटपर्यंत वारा, बेच्या आत: एवढ्यासाठी हिच्याहून बरं या पैशात मला काही दिसलेलं नाही. चौथा माणूस किंवा बाहेरचा समुद्र यातलं एक जरी तुमच्या डोक्यात असेल तर फायबर बघा.

बाबा यंदा आले नाहीत, गुडघे दुखतात. गेल्या रविवारी होडी झाकली, अ‍ॅनोड काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. रात्री त्यांचा फोन आला. किती मासे मिळाले ते विचारलंच नाही. विचारलं, "औंदा किती खाल्ल्यान?" मी सांगितलं, एक तृतीयांश. "मगे बरा आसा," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.