'गेलो' की 'गेलो होतो': इंग्रजीतील दोन भूतकाळ

मराठीत 'काल डेक्कनला गेलो होतो' हे इतके सहज येते की पुण्यातील विद्यार्थी 'आय हॅड गॉन टु डेक्कन यस्टरडे' असे लिहून जातात. परंतु नंतरची दुसरी घटना संदर्भात नसेल, तर 'यस्टरडे' किंवा 'अगो'सोबत इंग्रजीला साधा भूतकाळ, म्हणजे 'वेंट', हवा असतो. 'आफ्टर' आणि 'बिफोर' क्रम स्वतःच सांगतात, म्हणून तिथेही तो बहुधा पुरतो. खरी कसोटी 'व्हेन'ची: 'व्हेन आय रीच्ड शिवाजीनगर, द बस लेफ्ट' म्हणजे मी पोहोचताच बस सुटली, तर 'द बस हॅड लेफ्ट' म्हणजे ती आधीच निघून गेली होती. 'बाय द टाइम'सोबत मी पूर्ण भूतकाळच, म्हणजे 'हॅड लेफ्ट'सारखे रूप, सुचवेन.