पीआयबी फॅक्ट चेक: युद्धाच्या दिवसांत कितपत कामाचं?

केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) मेसेज, फोटो, व्हिडिओ खरे की खोटे हे तपासून सांगणारी ही सेवा नोव्हेंबर २०१९ पासून चालू आहे आणि मोफत आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या प्रत्येक सोसायटी ग्रुपच्या अॅडमिनने तिचा व्हॉट्सअॅप क्रमांक सेव्ह करून ठेवावा, इतकी ती कामाची नक्कीच आहे. मात्र युद्धात नेमकं काय घडलं हे ठरवायला ती पुरेशी नाही. पाचपैकी तीन तारे.

आधी जमेची बाजू. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर सुरू असताना 'एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार' हा मेसेज देशभर फिरला आणि पीआयबीने तो लगेच खोटा ठरवला. अशा वेळी तास-दोन तासांचा उशीरसुद्धा एटीएमसमोर रांग लावायला पुरतो, त्यामुळे हा वेग महत्त्वाचा. जालंधरवर ड्रोन हल्ला झाल्याचा व्हिडिओ शेतातल्या आगीचा निघाला. हजिरा बंदराचा म्हणून फिरलेला व्हिडिओ २०२१ मधल्या तेल टँकरच्या स्फोटाचा होता. क्षेपणास्त्र हल्ल्याच्या नावाखाली चक्क २०२० चा बैरूतचा स्फोट खपवला जात होता. ही सगळी कामं चोख झाली.

तक्रार पाठवताना घोळ होतो तो अर्धवट माल पाठवल्यामुळे. नुसता कापलेला स्क्रीनशॉट पाठवू नका. मूळ पोस्टची लिंक, सोबतचा पूर्ण मजकूर आणि तो कुठल्या तारखेला दिसला हे एकत्र द्या. व्हिडिओ दहा ठिकाणांहून फॉरवर्ड होऊन आला असेल तर तो इतका दाबला गेलेला असतो की पाट्या, गणवेश, नंबरप्लेट काहीच वाचता येत नाही. त्यातल्या त्यात स्वच्छ प्रत शोधा. उत्तर येईपर्यंत व्हिडिओ थांबवून तीन-चार वेगवेगळ्या फ्रेम काढा आणि गूगल लेन्सवर (चित्रावरून शोध घेणाऱ्या सोयीवर) टाका. एकच फ्रेम टाकली तर धूर आणि अंधार यापलीकडे बहुतेक वेळा काही जुळत नाही. आणि 'पीआयबीने फेक ठरवलं' असा शिक्का मारलेलं चित्रच फॉरवर्ड होऊन आलं, तर तेही अधिकृत पोर्टलवर पडताळूनच पुढे पाठवा.

आता खरी अडचण. त्याच दिवसांत 'राफेल पाडलं' म्हणून एक फोटो फिरत होता. तो २०२१ मध्ये पंजाबात मोगाजवळ कोसळलेल्या मिग-२१ चा असल्याचं पीआयबीने सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पण 'फेक'चा लाल शिक्का बसला तो फोटोवर, आणि वाचणाऱ्याने अर्थ घेतला तो असा की आपलं एकही विमान पडलेलं नाही. पुढे ३१ मे रोजी सिंगापूरमध्ये संरक्षण दलप्रमुख जनरल अनिल चौहान यांनीच मुलाखतींत विमानं गमावल्याचं मान्य केलं. आकडा त्यांनी दिला नाही. सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा मात्र साफ फेटाळला. म्हणजे फोटो खोटा होता, सहाचा आकडाही नाकारला गेला, आणि तरीही विमानं पडली होती. या तीन वेगळ्या गोष्टी एका शिक्क्यात मावत नाहीत. युद्धकाळात जनमत वळवायला दर वेळी खोटं बोलावं लागतंच असं नाही. काय कधी सांगायचं, एवढं हातात असलं तरी पुरतं.

माहिती रोखण्याची रास्त कारणंही असतात. २६/११ ला नरिमन हाऊसवरची कमांडो कारवाई थेट दाखवली गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात वाहिन्यांवर कडक ताशेरे ओढले. २६ एप्रिल २०२५ ची 'लष्करी हालचालींचं थेट प्रक्षेपण नको' ही सूचना केबल टीव्ही नियमांच्या आधाराने आली. ती योग्यच. पण त्यामुळे माहितीचा अधिकृत स्रोत म्हणून ब्रीफिंग तेवढं उरतं, आणि २४ तासांचा पडदा भरायला वाहिन्या सांगोवांगी उचलतात. ८ मेच्या रात्री काही भारतीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगितलं. बंदर शाबूत होतं. स्टुडिओत हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याचे भोंगे इतके वाजवले गेले की १० मे रोजी नागरी संरक्षण विभागाला ते थांबवायला सांगावं लागलं. खरा भोंगा वाजला तर तो कुणी मनावर घेणार नाही, ही भीती अगदी रास्त होती. ७ मेच्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलच्या (सरावाच्या) यादीत ठाणेही होतं, हे विसरू नका.

स्थानिक अफवांसाठी या सेवेचा उपयोग नाही. ती फक्त केंद्र सरकारशी संबंधित दावे तपासते. 'आज रात्री ठाण्यात ब्लॅकआउट' असा मेसेज आला तर जिल्हाधिकारी कार्यालय किंवा पोलीस आयुक्तालयाचं अधिकृत खातं बघा. पोस्टही बहुतेक इंग्रजी-हिंदीत असतात. ज्येष्ठांच्या ग्रुपवर टाकताना खाली दोन ओळी मराठीत लिहा.

सरकारी फॅक्ट चेक युनिटला कायद्याचं बळ देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. सरकारने स्वतःच्याच कामाबद्दल खरं-खोटं ठरवावं का, हा मूळ आक्षेप होता, आणि तो युद्धकाळात सगळ्यात जास्त लागू पडतो. म्हणून बनावट फोटो, जुने व्हिडिओ आणि बँक-एटीएमच्या अफवा इथे पाठवा. नुकसान किती झालं, लक्ष्य लागलं का, कोण मारलं गेलं, हे प्रश्न 'अनिर्णित' म्हणून तारखेसह टिपून ठेवा आणि महिन्याभराने स्वतंत्र फॅक्ट चेकर, उपग्रह छायाचित्रं आणि संसदेतली उत्तरं यांच्याशी ताडून पाहा.