आयएसआयई की गॉर्डन? औद्योगिक परिस्थितिकीच्या दोन परिषदा

जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयात राहून औद्योगिक परिस्थितिकीत, म्हणजे उद्योगांमधून कच्चा माल, ऊर्जा आणि टाकाऊ माल कसा फिरतो याच्या अभ्यासात, काम करणाऱ्याला परदेशवारीचा खर्च वरचेवर झेपत नाही. त्यामुळे इंटरनॅशनल सोसायटी फॉर इंडस्ट्रियल इकॉलॉजीची, म्हणजे आयएसआयईची परिषद आणि याच विषयावरील गॉर्डन परिषद यांपैकी एकीवरच बोट ठेवावे लागते. मी दोन्हींना जाऊन आलो आहे. पुढचा अनुभव एका माणसाचा आहे, तो तेवढ्याच वजनाने घ्यावा.

आयएसआयईची पहिली परिषद 2001 मध्ये लायडेनला झाली, 2019 मध्ये ती बीजिंगला होती आणि 2023 मध्ये पुन्हा लायडेनला आली. तिथे एकाच वेळी अनेक दालनांत सत्रे चालतात आणि वक्त्याला मोजकी मिनिटे मिळतात. पदार्थप्रवाहाचे (कोणता माल किती येतो-जातो याच्या हिशेबाचे) सत्र ऐकावे तर औद्योगिक सहजीवनाचे (एका कारखान्याचा टाकाऊ माल दुसऱ्याने वापरण्याचे) हुकते, त्यामुळे सोबत सहकारी असेल तर आधीच दालने वाटून घेतलेली बरी. गॉर्डन परिषदेचा बाज अगदी वेगळा आहे. माणसे साधारण 200 च्या आत, सभागृह एकच, सकाळी व रात्री व्याख्याने आणि दुपार मोकळी. जागाही बहुधा गर्दीपासून दूर निवडलेली, जशी 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरातील ले दियाब्लरे. शुल्कातच राहणे-जेवण येते. ज्यांचे निबंध आपण संदर्भासाठी वापरतो, ती माणसे नाश्त्याच्या टेबलावर शेजारी बसून आपल्या आकडेवारीतील कच्चे दुवे दाखवून देतात. निव्वळ शिकण्याच्या दृष्टीने मला गॉर्डन सरस वाटली, हे मान्य केले पाहिजे.

तरीही माझा कौल फिरला तो तिथल्या एका नियमामुळे. व्याख्यानात किंवा भित्तिपत्रकावर जे मांडले जाते ते खासगी समजले जाते. त्याचे छायाचित्र घ्यायचे नाही, ध्वनिमुद्रण करायचे नाही आणि मांडणाऱ्याच्या परवानगीवाचून ते कुठे उद्धृतही करायचे नाही. नियम योग्यच आहे, कारण त्याच्या आधारावरच लोक अर्धवट झालेले काम निःसंकोचपणे समोर ठेवतात. अडचण माझ्या कामाच्या स्वरूपाची आहे. जळगाव एमआयडीसीतल्या पाइप, चटई आणि दालमिलवाल्यांना टाकाऊचे टिकाऊ शिकवायला माझी गरज नाही. डाळीची चुनी आणि सरकीची ढेप गुरांच्या दावणीला केव्हाच पोचली आहे, आणि चटईत जुने प्लास्टिक किती चालते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. प्रश्न त्यापुढच्या पायरीचा आहे: रावेर-यावलच्या बांधांवर पडणारी केळीची खोडे, दीपनगरच्या औष्णिक केंद्राची राख. इथे पैसा घालण्याआधी मालक एकच विचारतो, "सर, हे कुठे चालू आहे? कागद दाखवा." गॉर्डनहून आल्यावर मला सांगावे लागले की पाहिले आहे, पण दाखवता येत नाही. त्यावर एक दालमिलवाले हसत म्हणाले, "म्हणजे तुम्ही फिरून आलात म्हणायचं."

डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग या औद्योगिक गावाचे उदाहरण सगळेच देतात. तिथल्या वीजकेंद्राची वाफ तेलशुद्धीकरण कारखान्याला आणि जिप्सम भिंतीचे फलक बनवणाऱ्या कारखान्याला जात असे, हे सांगून झाले की "ते डेन्मार्क आहे" एवढ्यावर विषय संपतो. याउलट म्हैसूरजवळच्या नंजनगुड औद्योगिक वसाहतीत कोणाचा टाकाऊ माल कोणाकडे जातो, याचा येल विद्यापीठाच्या संशोधकांसह झालेला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पुढे ठेवला की खुर्ची जवळ ओढली जाते. असे उघडपणे मांडलेले, नाव घेऊन सांगता येणारे काम मला आयएसआयईच्या दालनांतच अधिक हाती लागले, आणि दालनांमधली धावपळ त्यापुढे मी सोसतो.

अर्थात ज्यांचा प्रबंध अजून लिहून व्हायचा आहे आणि ज्यांना आपली पद्धत जाणत्यांकडून तपासून हवी आहे, त्यांनी बहुधा गॉर्डनलाच जावे. परिषदेला जोडून तरुण संशोधकांसाठी गॉर्डन सेमिनार असेल तर अर्जात त्याचाही विचार करावा. मात्र ज्यांना परतल्यावर कारखानदारासमोर बसायचे आहे, त्यांनी आयएसआयईकडे सारांश पाठवावा, आणि तो पाठवताना 'शेतीचा कचरा' या सदरापेक्षा औद्योगिक सहजीवनाच्या सदरात बसेल असा लिहावा, कारण केळीच्या खोडाला गिऱ्हाईक शोधणारी माणसे त्या दालनात बसलेली असतात.